संचालक झालात, मालक नव्हे!



2023 मध्ये बाजार समित्यांच्या निवडणुका झाल्या. संचालक मंडळाच्या जागा 18. सोसायट्यांच्या 11, ग्रामपंचायतींच्या 4, व्यापारी-आडत्यांच्या 2 आणि हमाल-मापाड्यांची 1. म्हणजे 15 खुर्च्यांवर शेतकऱ्याच्या नावाने निवडून आलेला माणूस बसतो. मग यार्डात राज्य दोघांचे का चालते? पंधरा जण गप्प बसतात म्हणून!

या पंधरांत सगळे परकेच आहेत असे नाही. छातीवर बिल्ला लावून आमच्याबरोबर रस्त्यावर बसलेलेही त्यांत आहेत. निवडून येईपर्यंत 'भाऊ', निवडून आल्यावर 'साहेब'! घरचे म्हणून झाकून ठेवायचे, तर दुसऱ्यांना चोर म्हणायला आम्हाला तोंड राहत नाही.

संचालकाने काय करावे? हंगामात सकाळी काट्यावर उभे राहावे. लिलावात कापसाला एक भाव आणि जिनात गाडी खाली करताना 'माल ओला आहे' म्हणून दुसरा, असे दिसले की तिथेच व्यापाऱ्याला जाब विचारावा. ज्वारीच्या पोत्यामागे कट्टी कापू देऊ नये. चुकारा खरेदीच्या दिवशीच द्यावा असा नियम आहे. महिनाभराच्या वायद्याची चिठ्ठी देणाऱ्याच्या परवान्याचा विषय बैठकीत मांडावा.

काय करू नये? भावाच्या, मेहुण्याच्या नावाने आडत चालवू नये. स्वतःची गाडी रांग मोडून पुढे काढू नये. गाळेवाटपात सोयरेधायरे घुसवू नयेत. आणि ठराव वाचल्याशिवाय सही करू नये. सही करून भत्ता उचलणाऱ्याला पुढे 'मला माहीत नव्हते' म्हणता येत नाही.

2017 मध्ये बाजारात माल आणणाऱ्या, किमान 10 गुंठे जमिनीच्या शेतकऱ्याला थेट मत मिळाले होते. 2020 मध्ये ते काढून घेतले. मत पुन्हा सोसायटी आणि ग्रामपंचायतीच्या मूठभर सदस्यांच्या हाती गेले. मूठभरांना गाडीत घालून सहलीला नेता येते, गावाला नेता येत नाही. आपले मत गेले, पण डोळे तर गेले नाहीत!

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमचे म्हणणे एवढेच: आपल्या पाठिंब्यावर निवडून आलेल्या प्रत्येक संचालकाने दर तीन महिन्यांनी चावडीवर उभे राहून हिशेब द्यावा. कोणत्या ठरावाला हात वर केला आणि का, ते सांगावे. जो येणार नाही, त्याचा बिल्ला काढून घ्यावा. खुर्ची त्याला लखलाभ!