काटकसर कोणाची?

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या गृहनिर्माण संस्थेची सभा भरली होती. खर्च वाढला आहे, सबब रखवालदार आणि झाडणाऱ्या बाई यांची दिवाळीची पोस्त निम्मी करावी, असा ठराव आला आणि संमतही झाला. इतिवृत्तात त्याला मथळा मिळाला : ‘काटकसरीचे उपाय’. त्याच सभेत फाटकावरच्या रोषणाईचा खर्च एकमताने मंजूर झाला, हे सांगितले पाहिजे. मी पोस्तीबद्दल हरकत घेतली, तशी मथळ्याबद्दलही घेतली. ‘शब्दाचा कीस कशाला काढता?’ असे मला विचारण्यात आले. सभेत उत्तराला वेळ मिळाला नाही. ते येथे देतो.

काटकसर या शब्दाची घडण उघड आहे. ‘काट’ ही काटण्यातली. ‘कसर’ हा शब्द मूळचा अरबी. मोड, तूट आणि हिशेबातला अपूर्णांक असे त्याचे अर्थ. हे दोन तुकडे जोडून मराठीने जो शब्द केला, त्याचा स्वभाव वाक्यात चालवून पाहावा. ‘मालकांनी माझ्या पगारात कपात केली’, असे कोणीही म्हणेल. ‘मालकांनी माझी काटकसर केली’, असे म्हणणारा मराठी माणूस निदान मला तरी भेटलेला नाही. कपात दुसऱ्याची करता येते. काटकसर ज्याची त्यानेच करायची असते. एकीत माणूस स्वतःच्या पोटाला चिमटा घेतो, दुसरीत तो दुसऱ्याच्या पोटावर पाय देतो. या दोन गोष्टींना एकच नाव कसे चालेल?

अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याला नेला. फर्ग्युसनमधले शिकवणे सांभाळून ते पुणे-हिंगणे ही वाट पायी तुडवीत. ती काटकसर. तेच अण्णासाहेब स्वतः टांग्यातून हिंडते आणि आश्रमातल्या मुलींचे दूध तोडते, तर त्याला आपण काय म्हटले असते? कंजूष हा शब्दसुद्धा तेथे सौम्य ठरता.

पण आज हा शब्द सर्रास वरून खाली फेकला जातो. सरकारे काटकसर म्हणून रिकाम्या जागा भरत नाहीत. कारखानदार काटकसर म्हणून कायम कामगाराच्या जागी कंत्राटी माणूस घेतात. ‘बचती’चीही तीच गत. ‘दहा हजारांच्या खरेदीवर दोन हजारांची बचत!’ अशी पाटी दुकानदार लावतो. खिशातून आठ हजार गेले, त्याला बचत म्हणायचे!

आणि ज्यांनी खरी काटकसर केली, त्यांचे काय झाले? ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा कितीतरी घरांत डाळ-तांदळाच्या डब्यांतून गृहिणींनी साठवलेले पैसे बाहेर निघाले. भाजीवाल्याशी घासाघीस करून, स्वतःची साडी पुढच्या वर्षावर ढकलून जमवलेले ते पैसे. घरोघरी त्यावर थट्टा झाली. ‘हिचा काळा पैसा’ म्हणून नवरे हसले. काटकसर हा मानाचा शब्द त्या वेळी कोणाला आठवला नाही.

कोणी म्हणेल, नावाने काय होते? पुष्कळ होते. ‘पोस्त कापली’ असे लिहावे लागले असते, तर आमच्या सभेतली निदान चार माणसे खाली पाहती. ‘काटकसर’ लिहिल्याने सगळ्यांना पुण्य केल्यासारखे वाटले. वाईट कामाला चांगले नाव मिळाले की लाज वाटायची सोयच उरत नाही.

यंदाच्या सभेत मी एकच दुरुस्ती मांडणार आहे. पोस्त कापायचीच असेल, तर इतिवृत्तात ‘गरिबांच्या पोस्तीत कपात’ असे स्वच्छ लिहावे. ते लिहिताना चिटणिसांचा हात अडखळला, तर फाटकावरचे दिवे थोडे कमी लावावेत आणि पोस्त पुरी द्यावी. त्या दिव्यांच्या खर्चात जी होईल, तिला काटकसर म्हणायला माझी हरकत नाही.