जुनी दुखापत आणि भरतीचा कागद

भरतीच्या तारखा जाहीर झाल्या की आमच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत एक वेगळी गर्दी दिसू लागते. बारीक कापलेले केस, अंगात अकॅडमीचा टी-शर्ट, पायात धुळीने माखलेले बूट आणि सोबत वडील किंवा मामा. यातले कुणीच आजारी नसतात. कुणाला कानातला मळ काढून हवा असतो, कुणी सपाट तळवा व्यायामाने बदलतो का ते विचारतो. आणि काही जण सगळी गर्दी ओसरेपर्यंत थांबतात, मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात जुन्या दुखापतीचं सांगतात.

असाच एक मुलगा वडिलांबरोबर आला. (ओळख पटू नये एवढा तपशील बदलला आहे.) वय वीस, कबड्डीपटू. सव्वा वर्षापूर्वी पकड करताना गुडघा पिळवटला, आतलं लिगामेंट तुटलं, म्हणजे ज्याला सगळे एसीएल म्हणतात ते. खासगी रुग्णालयात कर्ज काढून शस्त्रक्रिया झाली. आता तो रोज पहाटे धावतो, सोळाशे मीटरची वेळही चांगली आहे. वडील म्हणाले, ‘‘साहेब, पोरगं हरणासारखं पळतंय. तेवढं फिट म्हणून लिहून द्या की. ऑपरेशनचं लिहायची काय गरज?’’ मुलाने पँट वर करून वण दाखवला. गुडघ्याखाली तीन-चार सेंटिमीटरची रेघ आणि दोन बारीक ठिपके. ‘‘सर, तिथले एक सर म्हणाले, तारेचं कुंपण लागलं म्हणून सांग.’’

मी त्याला एक्स-रे फिल्म प्रकाशासमोर धरून दाखवली. मांडीच्या हाडाच्या टोकाशी धातूचं छोटं बटण पांढरंशुभ्र दिसत होतं. तारेचं कुंपण हाडात बटण ठेवून जात नाही.

पण हा प्रश्न केवळ लबाडी पकडली जाईल की नाही एवढाच असता, तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. अशा बहुतेक घरांत विचारला जातो तो प्रश्न ‘मेडिकल पास होईल का?’ एवढाच असतो. डॉक्टर म्हणून मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: हा सांधा ते काम पेलेल का, आणि नाही पेलला तर तो खर्च कुणाच्या नावावर पडेल?

सरळ रेषेत धावणं ही एसीएलची परीक्षाच नाही. हे लिगामेंट नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही आणि गुडघा पिळवटू देत नाही. त्याची गरज लागते ती अचानक थांबताना, वळताना, उडी मारून एका पायावर उतरताना. अकॅडमीच्या सपाट ट्रॅकवर यातलं काहीच घडत नाही. प्रशिक्षणात मात्र पाठीवर वजन आणि हातात हत्यार घेऊन, खडकाळ उतारावरून, अंधारात आणि अर्धवट झोपेत हेच दिवसातून कितीदा तरी घडतं. त्यातही शस्त्रक्रियेत बसवलेला पट्टा मांडीच्या मागच्या स्नायूच्या शिरेतून घेतलेला असतो. ती शिर लिगामेंटसारखी व्हायला वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ लागतो. पुन्हा तुटण्याचा सर्वाधिक धोका पहिल्या दोन वर्षांत आणि तोही तरुण, मैदानात परतलेल्या मुलांना. म्हणजे नेमका ह्यांनाच.

दूरचं चित्रही सांगायला हवं. अशा दुखापतीनंतर १० ते २० वर्षांत साधारण निम्म्या गुडघ्यांमध्ये एक्स-रेवर झीज दिसते, शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो. विसाव्या वर्षी तुटलेला गुडघा पस्तिशीत म्हाताऱ्या माणसाचा होऊ शकतो. आणि हा मुलगा पस्तिशीत कुठे असेल? बहुधा आपल्या गावात, स्वतःच्या दोन एकरांत.

इथे अग्निपथ योजनेचा संबंध येतो. जून २०२२ मध्ये ही योजना जाहीर झाली तेव्हापासून सैन्यातल्या जवानांची भरती चार वर्षांसाठी होते. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होतात, बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन घरी परततात. त्यांना निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि माजी सैनिकांसाठीची ईसीएचएस ही वैद्यकीय योजनाही नाही. योजना चांगली की वाईट हा वाद इथे नको, त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. वैद्यकीय बाजूने पाहिलं तर मात्र हिशेब पार बदलला आहे. पूर्वी पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून आलेल्या फौजीचा गुडघा दुखायला लागला तर त्याच्यामागे पेन्शन होती आणि लष्करी रुग्णालय होतं. आता चार वर्षांनी परत येणाऱ्याचा गुडघा त्याचा स्वतःचा असतो. तो दाखवायला तो माझ्याच ओपीडीत येणार.

सेवेमुळे अपंगत्व आलं तर अग्निवीराला भरपाई आहे. अपंगत्वाच्या प्रमाणानुसार १५, २५ किंवा ४४ लाख रुपये. पण अट अशी की ते अपंगत्व सेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं असलं पाहिजे. ते ठरवतं लष्करी वैद्यकीय मंडळ. आता समजा, शस्त्रक्रिया लपवून भरती झालेल्या मुलाचा तोच गुडघा सातव्या महिन्यात गेला. मंडळापुढच्या एमआरआयमध्ये जुना पट्टा, जुनं बटण, हाडात पाडलेलं भोक, सगळं दिसतं. हा मुलगा कोणत्या तोंडाने म्हणणार की हे सेवेमुळे झालं?

यावर काही अकॅडमींत एक उत्तर तयार असतं, तेही मी ऐकलं आहे: ‘सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, भरतीच्या वेळी नोंद नसेल तर पुढचं सगळं सेवेमुळेच धरतात.’ निकाल आहे हे खरं. २०१३ च्या धरमवीर सिंग प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा तंदुरुस्त होता असं गृहीत धरावं. पण ते गृहीतक आहे, अभयपत्र नव्हे. तपासणीत जे कळणं शक्यच नव्हतं ते मंडळाला कारणांसह मांडता येतं. तो निकाल फिट्सच्या आजाराबद्दलचा, हाडात स्क्रू असल्याचं विचारूनही न सांगणाऱ्या उमेदवाराबद्दलचा नव्हे. शिवाय अपंगत्व भरपाईचे नियमच २०२३ मध्ये नव्याने आले. दहा वर्षांपूर्वीच्या निकालाच्या मोबाइलवर फिरणाऱ्या चार ओळींवर मुलाचं आयुष्य लावू नये.

आणि धडधाकट मुलांचं काय होतं तेही पाहावं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून एका प्रश्नाची दखल घेतली. खडकवासल्याची एनडीए, देहरादूनची आयएमए अशा संस्थांत प्रशिक्षणादरम्यान जायबंदी होऊन बाहेर पडलेल्या अधिकारी-उमेदवारांचा तो प्रश्न. बातम्यांनुसार १९८५ पासून अशांची संख्या पाचशेच्या घरात आहे. अधिकारीपदावर नेमणूक होण्याआधीच दुखापत झाल्यामुळे त्यांना माजी सैनिक मानलं जात नव्हतं. त्यांना मिळत होतं ते दरमहा जास्तीत जास्त ४० हजारांचं सानुग्रह साहाय्य, तेही अपंगत्वाच्या प्रमाणानुसार. न्यायालयाने लक्ष घातल्यावर त्याच महिन्यात सरकारने त्यांना ईसीएचएसची सुविधा देऊ केली. लक्षात घ्या, ही सगळी मुलं निवडीच्या वेळी कडक वैद्यकीय चाचणीतून पूर्ण निरोगी ठरून आत गेलेली होती.

प्रशिक्षण शरीराला काय करतं हे डॉक्टरांना फार जुनं ठाऊक आहे. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने कूच करून आलेल्या सैनिकांचे सुजलेले, दुखरे पाय पाहून त्याची नोंद केली. एक्स-रेचा शोध लागायला तेव्हा चाळीस वर्षे होती. नंतर कळलं की पायाच्या लांब हाडांना बारीक चिरा पडत होत्या. ताण एकदम वाढला की हाड आधी जुना भाग शोषून घेतं आणि नवा भाग भरायला त्याला काही आठवडे लागतात. त्या मधल्या काळातच कूच चालू असते. जुनी दुखापत असलेला मुलगा नकळत वजन चांगल्या पायावर टाकतो. त्यामुळे कित्येकदा चीर पडते ती दुसऱ्याच पायाला.

एवढं वाचून प्रत्येक जुन्या दुखापतीला घाबरायचं कारण नाही. उलट माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची भीती निराधार असते. लहानपणी झाडावरून पडून हात मोडला, प्लास्टरने बरा झाला, हात सरळ आहे, कोपर-मनगट पूर्ण हलतं, अशा मुलाने सरळ सांगावं आणि निश्चिंत जावं. फ्रॅक्चर सांध्यातून गेलेलं असेल तर गोष्ट वेगळी. अधिकारी भरतीच्या वैद्यकीय निकषांत मोठ्या सांध्यातलं फ्रॅक्चर, शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, अपात्र धरलं आहे. सांध्याबाहेरच्या फ्रॅक्चरमध्ये प्लेट आत असेल तर ती काढून किमान १२ आठवडे झाल्यावरच विचार होतो.

या १२ आठवड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे घाईने नुकसान झालेलं मी पाहिलं आहे. प्लेट काढली की हाडात स्क्रूची भोकं राहतात आणि ती भरेपर्यंत हाड तिथे कमजोर असतं. ग्राउंडच्या तारखेच्या तीन आठवडे आधी प्लेट काढून घ्यायची आणि टाके सुकले की धावायचं, याला तयारी म्हणत नाहीत. हाताच्या पुढच्या भागातली प्लेट काढताना शिरेला इजा होण्याचा, हाड पुन्हा मोडण्याचा धोका असतोच. केवळ भरतीसाठी प्लेट काढायची असेल तर निदान ज्याने बसवली त्या सर्जनला विचारून, वर्ष हातात ठेवून काढावी.

खांदा निखळणाऱ्या मुलांना मात्र मी स्पष्ट सांगतो. विशीच्या आत एकदा निखळलेला खांदा निम्म्याहून अधिक मुलांत पुन्हा निखळतो. दोरीवर लटकलेलं असताना तो निखळला तर प्रश्न एकट्याच्या खांद्याचा राहत नाही. आणि एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्यांना लष्करी मंडळं सहसा अपात्रच ठरवतात. हे कडू आहे, पण अकॅडमीची वर्षभराची फी भरण्याआधी कळलेलं बरं.

अमेरिकेत अशा उमेदवारांसाठी सवलत मागण्याची अधिकृत वाट आहे: दुखापत सांगायची, कागद द्यायचे, अधिकारी प्रकरण पाहून ठरवतात. तरीही तिथे पुष्कळ जण लपवत असत. मार्च २०२२ पासून भरती केंद्रांवर उमेदवारांचे जुने वैद्यकीय तपशील संगणकावरून थेट दिसू लागले आणि लपवलेलं बाहेर आलं. सवलतीचे अर्ज इतके वाढले की काही दुखापती-आजारांत ठरावीक वर्षे त्रास नसेल तर सवलतीची गरजच नाही, असा प्रयोग तिथल्या संरक्षण खात्याला करावा लागला. आपल्याकडे आभा क्रमांकाने नोंदी जोडल्या जात आहेत. लपवण्याची वाट पुढच्या काही वर्षांत आपोआप अरुंद होईल, पण सांगणाऱ्यासाठी तशी वाट अजून नाही. अपात्र ठरलेल्याला लष्करी रुग्णालयातल्या तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागता येते, तीही थोड्या दिवसांच्या मुदतीत. ती जरूर मागावी, जाताना शस्त्रक्रियेचे सगळे कागद न्यावेत. मात्र फेरतपासणीत निकष लागला की नाही एवढंच पाहतात, निकष सैल होत नाही. बरा होऊन दोन-तीन वर्षे व्यवस्थित खेळलेल्या मुलाची ताकद मोजून निर्णय घ्यायची तरतूद असावी असं मला वाटतं. ती आली तर खोटं बोलण्याचं एक मोठं कारण कमी होईल.

त्या दिवशी मी प्रमाणपत्रावर जे आहे तेच लिहिलं: शस्त्रक्रियेची तारीख, बाजू, सध्याची हालचाल पूर्ण, सूज नाही. वडिलांचा चेहरा पडला. मुलाने विचारलं, ‘‘मग सर, कबड्डी पण बंद का?’’ आमच्या अस्थितज्ज्ञ सहकाऱ्याने त्याला एका पायावर उडी मारायला लावली. चांगल्या पायाने जेवढं अंतर गेला, त्याच्या जेमतेम पाऊण भाग दुसऱ्या पायाने. पुढून मांडीचा घेर टेपने मोजला तर दोन सेंटिमीटर कमी. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्या मुलाला हे सव्वा वर्षात कुणी मोजून दाखवलं नव्हतं. दोन्ही पाय बरोबरीला यायला हवेत, निदान नव्वद टक्क्यांपर्यंत, मग मैदानाचं बोलू, असं ठरलं. व्यायामाचा कागद दिला, सहा आठवड्यांनी यायला सांगितलं.

वडिलांनी दोन्ही कागद घडी करून खिशात ठेवले. दारातून परत वळून म्हणाले, ‘‘त्या दिवशी पाण्याची पाळी हाय साहेब. दुपारनं आलं तर चालंल का?’’

चालेल म्हटलं.