महाकालाच्या वाटेवर

उज्जैन स्थानकापासून महाकाल मंदिर जेमतेम 2 किलोमीटर. रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यातच निम्मा वेळ जातो. ऑक्टोबर 2022 मध्ये मंदिरालगतचा 'महाकाल लोक' परिसर खुला झाला आणि गर्दी आणखी वाढली. आता याच वाटेवर रोपवे होऊ घातला आहे; इंदूरहून मेट्रो आणण्याचंही घाटतं आहे. नजर अर्थातच 2028 च्या सिंहस्थावर. पण सिंहस्थ 12 वर्षांनी येतो; फ्रीगंजहून जुन्या शहरात जाणारा उज्जैनकर रोज निघतो. पाहुण्यांना हवेतून जरूर न्यावं. त्याआधी शहरवासीयांसाठी जमिनीवर वेळेत धावणाऱ्या बस वाढवाव्यात.