काकडीच्या सभेत कांदा

शिर्डीचा आणि राजद्रोहाच्या खटल्याचा काही संबंध असेल, असं दर्शनरांगेतल्या कुणाच्या मनातही येणार नाही. पण १९११च्या डिसेंबरात दादासाहेब खापर्डे इथे आले ते मार्चपर्यंत हललेच नाहीत. अमरावतीचे हे नामांकित वकील टिळकांच्या अगदी आतल्या गोटातले. ‘केसरी’तल्या लेखांपायी जुलै १९०८मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, ते मंडालेला गेले आणि खापर्डे अपिलासाठी विलायतेला. साईबाबा त्यांना शिर्डीतून जाऊ देत नव्हते ते अटक टळावी म्हणून, असं भक्त मानतात. खरं-खोटं बाबाच जाणोत. सुटून आल्यावर, मे १९१७मध्ये, टिळकही खापर्ड्यांबरोबर इथे येऊन गेले.

त्या इंग्रज सरकारविषयी हळवं व्हायचं कारण नाही. १९१०च्या कायद्याने ते छापखान्यांकडून जामीन मागायचं आणि मजकूर खुपला की जप्त करायचं. पण ते मराठी वर्तमानपत्र वाचायचं, पदरी भाषांतरकार ठेवून. आजच्या दिल्लीला एवढी तसदी कशाला?

२६ ऑक्टोबर २०२३ला पंतप्रधान शिर्डीत आले. नव्या दर्शनरांगेचं उद्घाटन, निळवंडे धरणाचं जलपूजन, मग विमानतळाजवळ काकडीला सभा. अशा दौऱ्यात तालुका वार्ताहराने पास मिळवायचा, तपासणी करून घ्यायची आणि दिलेल्या जागी बसून भाषण ऐकायचं. मजकूर पत्र सूचना कार्यालयाकडून मराठीत तयार येतो: डावा कालवा ८५ किलोमीटर, १८२ गावं, ५,१७७ कोटी. वार्ताहराचं मानधन तुटपुंजं, पोट जाहिरातीच्या कमिशनवर. आणि मोठ्या जाहिराती सरकारच्याच. त्याला दोष कोण देणार? दिल्लीतल्या बड्यांची तरी काय कथा! १७ मे २०१९च्या पत्रकार परिषदेत पंतप्रधान बसले होते, प्रश्न मात्र अमित शहांकडे वळवले गेले.

काकडीला विचारण्यासारखा प्रश्न राहाता-कोपरगावच्या कुठल्याही कांदेवाल्याला तोंडपाठ होता. ऑगस्टात निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलंत, आता पुढे काय? उत्तर दोनच दिवसांनी, २८ ऑक्टोबरला, दिल्लीच्या अधिसूचनेतून आलं: टनाला किमान ८०० डॉलर निर्यातमूल्य. डिसेंबरात तर निर्यातच बंद झाली. सभेच्या दिवशी हे कुणी सांगितलं नसतंच. पण प्रश्न विचारायची सोय असती, तर निदान न मिळालेल्या उत्तराची बातमी झाली असती.