पाचक बाटलीचा पूर्वपक्ष

जानेवारीत सोलापुरात दोन गोष्टींचा हंगाम असतो, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचा आणि हुरड्याचा. अलीकडे तिसरीही गोष्ट त्यांच्या जोडीला आली आहे, ती म्हणजे पाचक सिरपची बाटली. शेतावर आगटीभोवती बसून हुरडा, शेंगाचटणी, गूळ, दही असं यथेच्छ हाणायचं आणि गाडी शहरात शिरली की पहिला थांबा औषधाच्या दुकानाशी घ्यायचा. "अण्णा, ते पचनाचं द्या, पिवळं." अण्णा चिठ्ठी मागत नाहीत, चौकशी करत नाहीत. बाटलीवर बारीक अक्षरात फंगल डायस्टेस आणि पेप्सिन अशी दोन नावं असतात. ती वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा गाडीत राहिलेला असतो.

या बाटलीमागे एक सिद्धान्त आहे, तो आधी त्याच्या पुरस्कर्त्यांच्याच तोंडून ऐकू. अन्न पचवतात ते विकर, म्हणजे एन्झाइम. चाळिशी ओलांडली की ते कमी पडतात. जेवण जड झालं की आणखी कमी पडतात. मग वरून घातले तर बिघडलं कुठे? दुसरा पक्ष याहून कडवा. तो म्हणतो, बाटली नको आणि चूलही नको. कच्च्या अन्नात निसर्गाने विकर भरून ठेवलेले असतात. तुम्ही ते शिजवून मारता, आणि मग शरीराला आपल्या मर्यादित साठ्यातून विकर काढून द्यावे लागतात. हा साठा संपला की आजार येतात. हे म्हणणं काही हवेतून आलेलं नाही. अमेरिकेतल्या डॉ. एडवर्ड हॉवेल यांनी ते १९४६ मध्ये पुस्तकरूपाने मांडलं आणि १९८५ च्या 'एन्झाइम न्यूट्रिशन'मधून ते जगभर गेलं. आज सकाळच्या योगवर्गानंतर ते सोलापुरी मराठीत ऐकायला मिळतं, फक्त हॉवेलचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

दोन्ही पक्षांचं मूळ एकच आहे: शरीराजवळ विकर थोडे आहेत. तिथूनच सुरुवात करू.

विकर हे प्रथिन आहे. ते जन्माला येताना पेटीत भरून दिलेलं नसतं, पेशी ते रोज, जेवणागणिक तयार करतात. जॉर्ज पॅलाडे यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पेशींत किरणोत्सारी अमिनो आम्लं सोडून ती कुठून कुठे जातात याचा माग काढला. नुकतंच जोडलेलं प्रथिन दोनेक तासांत बाहेर पडायच्या तयारीने दाण्यांच्या रूपात साठवलेलं दिसतं. पेशीची रचना आणि कार्य यांवरच्या अशा कामासाठी त्यांना १९७४ चं नोबेल विभागून मिळालं. स्वादुपिंड दिवसाला सुमारे दीड लिटर रस सोडतं. त्यातल्या विकरांचं काम आटोपलं की आतडं त्यांनाही पचवतं आणि त्यांची अमिनो आम्लं पुन्हा वापरात घेतं. हॉवेल ज्याला बँकेतली शिल्लक म्हणतात, ते खातं असं आहे की काढलेली रक्कम संध्याकाळपर्यंत बरीचशी परत जमा होते.

आणि शिल्लक किती? याचं उत्तर १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डिमॅग्नो आणि सहकाऱ्यांनी दिलं. स्वादुपिंडाच्या रुग्णांत त्यांनी लायपेझचं, म्हणजे चरबी तोडणाऱ्या विकराचं, प्रमाण मोजलं आणि शौचातून न पचलेली चरबी केव्हा पडू लागते ते पाहिलं. लायपेझचं उत्पादन नेहमीच्या एक दशांशाखाली येईपर्यंत ती पडत नाही. म्हणजे नऊ भाग गेले तरी दहावा भाग घर चालवतो. वय वाढेल तसं थोडंफार कमी होत असेलही, पण हुरड्याच्या एका पार्टीने ही शिल्लक संपली असं म्हणणाऱ्याने आधी हा हिशेब खोडून दाखवावा.

आता कच्चेवाल्यांकडे वळू. कच्च्या भाजीत विकर असतात हे खरंच आहे. पण ते त्या भाजीच्या कामाचे असतात, आपल्या नव्हे. पोटात गेल्यावर आम्ल त्यांची घडी मोडतं आणि पेप्सिन हे जठरातलं विकर त्यांना इतर कुठल्याही प्रथिनासारखं कापून काढतं. काकडी-गाजर जरूर खावं, जीवनसत्त्वांसाठी आणि चोथ्यासाठी. काकडीचं विकर आमटी पचवील हा मात्र भाबडेपणा आहे.

वनस्पतीचं विकर खाणाऱ्याच्या भल्यासाठी नसतं, याचा याहून रोखठोक पुरावा सोलापूरच्या शेतकऱ्याला पुस्तकाविना माहीत आहे. ज्वारीचा कोवळा फुटवा, विशेषतः पाण्याच्या ताणानंतर आलेला, जनावराला खाऊ घालत नाहीत. त्या पानांत धुरिन नावाचं द्रव्य असतं, आणि शेजारीच पण वेगळ्या कप्प्यात ते फोडणारं विकर असतं. पान शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. गायीने ते चावलं की कप्पे फुटतात, विकर धुरिनावर तुटून पडतं आणि सायनाइड सुटतं, रवंथाच्या पोटातले जिवाणूही त्यात भर घालतात. गाय धापा टाकते, कोसळते, आणि गुरांचे डॉक्टर वेळेत पोचले नाहीत तर संपते. हे 'नैसर्गिक, जिवंत, न शिजवलेलं' विकरच आहे. ज्वारीला मोड आणून खायचा सल्ला देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मोडातही धुरिन असतं. मूग-मटकीचा नियम ज्वारीला लावता येत नाही.

शेंगदाण्याची गोष्ट इतकी भयंकर नाही, पण दिशा तीच आहे. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन या आपल्या विकराला अडवणारी प्रथिनं असतात. भाजल्यावर ती बरीचशी निकामी होतात. म्हणजे चुलीने विकर मारले हे अर्धं सत्य झालं, विकरांचे वैरीही चुलीनेच मारले.

बाटलीवाल्यांचा समाचार थोडक्यात घेता येतो, कारण बाटली स्वतःच स्वतःचं खंडन करते. पेप्सिन तीव्र आम्लात चालतं. बुरशीपासून काढलेलं डायस्टेस सौम्य आम्लात चालतं, तीव्र आम्लात त्याचं काही खरं नसतं. दोघांना एका चमच्यात घालून एकाच पोटात पाठवायचं, तर दोघांनाही मनासारखी जागा मिळणार कशी? बरं, बाटली घेणाऱ्या पुष्कळांनी सकाळी उपाशीपोटी आम्ल दाबणारी गोळीही घेतलेली असते. आम्लाचं उत्पादन सकाळी बंद करायचं आणि आम्लाशिवाय न चालणारं पेप्सिन दुपारी ओतायचं, हा उपचार कुठल्या शास्त्रात बसतो ते मला अजून कळलेलं नाही. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी बुरशीच्या डायस्टेसचं अमेरिकेत १८९४ मध्ये पेटंट घेतलं. तेव्हापासून सव्वाशे वर्षं ते विकलं जातंय. मालाचं वय हा काही त्याच्या गुणाचा दाखला नव्हे.

"पण मला बरं वाटतं त्याचं काय?" हा प्रश्न येणारच. वाटत असेल. गोड-सुगंधी चमचा घेऊन अर्धा तास स्वस्थ बसलं की बहुतेकांना बरं वाटतं. तुडुंब जेवण पोटातून पुढे सरकायला काही तास लागतातच, आणि तेवढ्या वेळात बाटलीने श्रेय लाटलेलं असतं. शिवाय आपल्याकडे ज्या फुगवट्याला 'अपचन' म्हणतात, तो बऱ्याचदा तूर, हरभरा, हुलगे यांतल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करांचा असतो. त्या तोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात कुणाच्याच नसतं, पैलवानाच्याही नाही. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांवर ताव मारतात आणि वायू सुटतो. डायस्टेस स्टार्चवर चालतं, पेप्सिन प्रथिनावर. दोघांपैकी एकालाही या शर्करांना हात लावता येत नाही.

मग प्रतिपक्षाच्या पदरात काहीच घालायचं नाही? घालायलाच हवं. खाल्लेल्या अन्नातलं विकर पोटात खरोखर कामाला येतं असं एक चोख उदाहरण आहे, आणि ते हुरड्याच्या पंगतीतच वाढलेलं असतं: दही. दुधातली लॅक्टोज ही शर्करा तोडणारं लॅक्टेज लहानपणी सगळ्यांकडे असतं. पुढे दख्खनेतल्या बऱ्याच माणसांत ते ओसरतं, म्हणून पेलाभर दूध बाधतं आणि वाटीभर दही चालतं. दह्यातले जिवाणू मुरतानाच थोडी लॅक्टोज संपवतात. त्यांच्या पेशीत बंद असलेलं विकर आम्लातून बऱ्यापैकी तरून जातं आणि लहान आतड्यात उरलेल्या लॅक्टोजवर काम करतं. मात्र हे ताज्या दह्याचं. उकळलेल्या कढीकडून ही अपेक्षा ठेवू नये. मोडाच्या मटकीतही बियाण्याचं स्वतःचं विकर जागं होऊन त्या वायुकारक शर्करा कमी करतं. पण ते मोडाच्या फडक्यात, रात्रभरात, खाण्याआधी. मटणाला चोळलेल्या कच्च्या पपईतलं पपेनही पातेल्यात काम करतं. पुढे आमच्या पोटात गेल्यावर ते काय दिवे लावतं हा प्रश्नच उरत नाही, रस्सा उकळलेला असतो.

खंडन इतकं पुरे. आता माझा पक्ष. निरोगी माणसाच्या पचनात अडचण विकरांच्या तुटवड्याची नसते, विकर अन्नापर्यंत पोचण्याची असते. विकर काम करतं ते पृष्ठभागावर. दाणा अखंड असेल तर त्याच्या कोशभित्तीबाहेर विकरांचा पूर आला तरी आतला ऐवज सुरक्षित राहतो. लेव्हिन आणि सिल्व्हिस यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला एक साधा प्रयोग आहे. लोकांना आहारातली चरबी कधी अख्ख्या शेंगदाण्यांतून, कधी वाटलेल्या दाण्यांतून, कधी नुसत्या तेलातून दिली आणि न पचता बाहेर पडलेली चरबी मोजली. अख्ख्या दाण्यांत ती सुमारे १८ टक्के निघाली, वाटलेल्यांत ७, तेलात साडेचार. माणसं तीच, स्वादुपिंड तेच, दाणाही तोच, फरक कुटण्याचा.

आणि कुटणं म्हणजे काय ते सोलापूरला शिकवायची गरज नाही. इथली शेंगाचटणी मिक्सरच्या पात्यांतून भुर्रकन निघालेली कोरडी पूड नव्हे. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ उखळात घालून घाव घालत राहायचे. आधी भरड दिसते, मग चुरा ओलसर व्हायला लागतो, मुसळाला चिकटायला लागतो, आणि शेवटी उखळाच्या कडेला तेलाची चकाकी येते. ही चकाकी म्हणजे दाण्यांच्या पेशी फुटल्याची खूण. लायपेझला जे दार उघडायला कष्ट पडले असते, ते मुसळाने आधीच उघडून ठेवलं.

भाकरीचंही तसंच. ज्वारीच्या दाण्यात स्टार्चचे कण काफिरिन नावाच्या चिवट प्रथिनाच्या जाळ्यात रुतलेले असतात. जात्यावर पीठ झालं की जाळं फाटतं, आधणाच्या पाण्यात मळून तव्यावर टाकलं की स्टार्च फुगून मऊ होतं आणि अमायलेझला, म्हणजे स्टार्च तोडणाऱ्या विकराला, वाट मिळते. इथे प्रतिपक्षाला एक खरा मुद्दा सापडू शकतो, म्हणून मीच सांगतो: ओलाव्यात शिजवल्याने ज्वारीचं प्रथिन मात्र पेप्सिनला थोडं जास्त दाद देईनासं होतं. बाकीच्या धान्यांपेक्षा ज्वारीत हे अधिक घडतं. पण त्यावर उतारा म्हणून कच्चं पीठ फाकणारा मला अजून भेटायचा आहे. पीठ आंबवलं की हे प्रथिन पुन्हा सैल होतं, आणि ज्वारीची आंबील आपल्याकडे बाटलीच्या कितीतरी आधीपासून आहे.

कडक भाकरीबद्दल थोडं जास्त सांगायचा मोह होतो. पापडासारखी पातळ थापून, भाजून, वाळवून ठेवलेली ही भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते. शिजून गार झालेल्या स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट रचना धरतो आणि अमायलेझला सहजी वश होत नाही. त्यामुळे ती सावकाश पचते, आणि भूक उशिरा लागावी असं ज्याला वाटतं त्याला ते हवंच असतं. 'सगळं झटपट पचलं पाहिजे' हाच मुळात बाटलीवाल्यांचा आग्रह, तो मान्य का करायचा? कोरडी खाल्ली तर ती चावल्याशिवाय गिळता येत नाही, आणि लाळेतलं अमायलेझ घासाच्या आत, पोटातलं आम्ल शिरेपर्यंत, काम चालू ठेवतं. आमटीत चुरून दोन मिनिटांत संपवली तर हा फायदा गेला. मी स्वतः चुरूनच खातो, पण ते चवीसाठी, शास्त्रासाठी नव्हे.

जेवताना पाणी प्यायलं की पाचक रस पातळ होतात, हा आक्षेप जाता जाता. लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस मिळून शरीर स्वतःच दिवसाला कित्येक लिटर द्रव या नळीत ओततं. त्यात पेलाभर पाण्याची काय कथा.

याचा अर्थ विकर कुणालाच नको असा नव्हे. विकर हे औषध आहे, आणि ज्याला लागतं त्याला ते जगवतं. स्वादुपिंड दीर्घ सुजेने झिजलेलं असेल, मग दारूने असो वा अन्य कारणाने, किंवा शस्त्रक्रियेत काढलेलं असेल, तर शौच तेलकट, चिवट, दुर्गंधीचं होतं, पाण्यावर तरंगतं, आणि भरपूर खाऊनही वजन उतरत जातं. अशा माणसाला पिवळं सिरप देत राहणं म्हणजे निदानाचे महिने फुकट घालवणं. त्याला शौचातल्या इलास्टेज या स्वादुपिंडाच्या विकराची तपासणी आणि पॅनक्रिएटिनच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या विकरांच्या, कॅप्सूल लागतात. त्यांतल्या दाण्यांवर आम्लात न विरघळणारं आवरण असतं, म्हणून त्या चावायच्या किंवा कुटायच्या नसतात. मोठ्या माणसाला एका मुख्य जेवणाला लायपेझची साधारण २५ ते ५० हजार युनिटं लागतात, नेमका आकडा डॉक्टर ठरवतात. कॅप्सूल घ्यायची ती पहिल्या घासाबरोबर, एकाहून अधिक असतील तर उरलेल्या जेवणाच्या मध्ये. ताट उचलल्यावर घेतली तर अन्न पुढे निघून गेलेलं असतं.