पुस्तक घ्यावे की मोबाइल पुरे?

रोवणी आटोपली, बांध्या पाण्याने भरल्या, की धानाच्या मुलखात जराशी उसंत मिळते. सालेकसा तालुक्यातल्या दरेकसासारख्या डोंगराळ, छत्तीसगडच्या हद्दीजवळच्या गावात या दिवसांत पैशाची मात्र ओढाताण असते. मजुरी दिलेली, खत आणलेले आणि धान घरात यायला अजून अवकाश. नेमके तेव्हाच नववी-दहावीतले लेकरू पुस्तकांचे नाव काढते.

सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तके मोफत मिळतात. पुढची बहुधा विकत घ्यावी लागतात. मग मुलगीच तोड काढते, “बाबा, बालभारतीची पुस्तके मोबाइलवर फुकट उतरवता येतात. कशाला खर्च?” बापाला ते पटते. तुम्हालाही पटले असेल. पण थोडे थांबा.

मोबाइलवरचे वाचन वाईट नव्हे. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, एखादी गोष्ट यांना तो पुरेसा आहे. मराठी विश्वकोशाचे वीस खंड विकत कोण घेणार? ते मोबाइलवर फुकट वाचता येतात. आजीची नजर अधू झाली असेल, तर अक्षर मोठे करता येते. हे उपकार मानलेच पाहिजेत.

अडचण येते ती लांबलचक, समजून लक्षात ठेवायच्या मजकुराची. या विषयावरच्या ५४ अभ्यासांचा एकत्र ताळा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचक होते. गोष्टी वाचताना कागद आणि पडदा यांत फरक दिसला नाही. माहितीचा मजकूर मात्र कागदावर अधिक चांगला समजला. वेळ बांधून दिला, तर हा फरक आणखी वाढला. परीक्षेचा अभ्यास म्हणजे दुसरे काय असते?

याची खूण आपल्या घरातच आहे. श्रावणात पोथी वाचणारे आजोबा आठवा. कोणती ओवी डाव्या पानावर, कोणती तळाशी, हे त्यांना ठाऊक असे. किती वाचले, किती उरले, हे हाताला कळे. मोबाइलवर मजकूर वर सरकत जातो, त्याला ठिकाण राहत नाही. त्यात मध्येच कुणाचा निरोप टणकन वाजतो आणि वाचलेले विसरते.

तेव्हा असे करावे. गणित, विज्ञान, इतिहास यांसारखी पुस्तके तरी कागदाची घ्यावीत. नवी परवडत नसतील, तर पुढच्या वर्गात गेलेल्या मुलाकडून जुनी मागावीत. अभ्यासक्रम बदललेला नाही एवढे शिक्षकांना विचारून घ्यावे. तेही न जमले, तर अवघड धड्यांच्या तेवढ्या छायाप्रती काढाव्यात. मोबाइलवरच वाचणे भाग असेल, तर पुस्तक आधी उतरवून घ्यावे आणि वाचताना इंटरनेट बंद ठेवावे. एक भाग झाला की मोबाइल पालथा ठेवून, समजले ते वहीत आपल्या शब्दांत लिहावे.

आणि मायबापहो, लेकरू वाचत असताना आपलाही मोबाइल बाजूला ठेवा. बियाण्याच्या पिशवीत आपण काटकसर करत नाही. या पुस्तकाचा खर्चही त्याच खात्यात मांडा.