देवमासा दिसणारच, असं विकू नका



आम्ही नरसी नामदेवची माणसं. पाणी म्हणजे आमच्यासाठी कयाधू, ती पण उन्हाळ्यात आटते. त्यामुळे मागच्या डिसेंबरात तारकर्लीला गेलो, तेव्हा "डॉल्फिन दाखवतो" ऐकल्याबरोबर आई सगळ्यांच्या आधी बोटीकडे निघाली. वय ७१!

तिथे एक बोटवाला म्हणाला, "शंभर टक्के दिसणार, नाहीतर पैसे परत." दुसरा म्हणाला, "सकाळी निघालो तर बहुतेक दिसतात. पण समुद्र आहे, शब्द देत नाही." आम्ही अर्थातच पहिल्याच्या बोटीत बसलो. तुम्हीही बसला असता.

अर्धा तास काहीच नाही. मग लांब एक पंख दिसला. गड्याने शब्द दिलेला, म्हणून फुल स्पीडने बोट तिकडे घातली. आणखी तीन बोटी धावल्या. डॉल्फिनला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, पण एवढी इंजिनं घोंगावत असताना तो जवळ कशाला येईल? आईला दिसला फक्त डिझेलचा धूर. पैसे मागितले, तर म्हणे, "पंख दिसला ना!"

दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्याकडे गेलो. डॉल्फिन एकही दिसला नाही. बायको कुरकुरली, खोटं कशाला सांगू. पण तो माणूस इंजिन बंद करून थांबायचा. संगम दाखवला, पक्षी दाखवले. २०१५ साली सिंधुदुर्गच्या समुद्रात निळे देवमासे दिसले होते, ते सांगितलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं, लोकांनी खटपट करून खोल पाण्यात नेलं, तरी ते वाचलं नाही, हेही सांगितलं. आई अजून त्या पिल्लाचीच गोष्ट सांगते. त्याचा नंबर मी चार जणांना दिलाय.

माझं मत स्पष्ट आहे. जे आपल्या हातात नाही त्याची गॅरंटी दिली, की धंदा आपण चालवत नाही, ती गॅरंटी आपल्याला पळवते. शिवाय त्या बोटवाल्याचा माल त्याने बनवलेलाच नाही. चार बोटींनी रोज असा पाठलाग केला तर उद्या दाखवायचं काय?

आता स्वतःचं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बॅचला मी छातीठोक सांगितलं होतं, "सहा महिन्यांत नफा." आपल्याच भागातल्या एका पोराने ते ऐकून हळद पावडरचं युनिट टाकलं. कर्ज काढून. सहा महिन्यांत नफा आला नाही. मग विक्री वाढावी म्हणून त्याने पाकिटावर छापलं, "सर्व आजारांवर गुणकारी." हे तो माझ्याकडूनच शिकला होता. गिऱ्हाईक एकदा घेऊन गेलं, परत आलं नाही.

तारकर्लीहून आल्यावर त्याच्याकडे गेलो आणि माफी मागितली. मग दोघांनी बसून नवीन लेबल लिहिलं: हळद कुठल्या गावची, कोणत्या तारखेला दळली, भेसळ वाटली तर पाकीट परत. हे तिन्ही त्याच्या हातात आहे. परतवारीच्या एकादशीला नरसीत स्टॉल लावतो म्हणालाय. पाऊस किती, गर्दी किती, कोण सांगणार? म्हणून मीच म्हटलं, माल निम्माच भर.

कर्जाचे हप्ते अजून बाकी आहेत. या वेळी मी त्याला महिने सांगितले नाहीत.